ओल्या फळाचं कोरडं बिस्कीट

बिस्कीट मधोमध मोडलं. हलका, कोरडा आवाज झाला, चार कण ताटलीत पडले आणि मोडलेल्या कडेवर तीन ठिपके दिसले: एक लाल, एक हिरवा आणि एक अर्धा कापला गेलेला बेदाणा. लाल तुकडा नखाने दाबून पाहिला. मऊ होता. आत ओल आहे हे बोटाला लगेच कळत होतं. त्याला चिकटलेला मैदा मात्र चिमटीत धरताच भुगा होत होता. ही बिस्किटं शेजारच्या आंटींनी आठ डिसेंबरला डब्यात भरली होती आणि मी हे मोडलं सव्वीसला. अठरा दिवस ओला तुकडा कोरड्या बिस्किटाच्या पोटात बसून होता आणि दोघांनीही आपापला स्वभाव सोडला नव्हता.

आपल्या घरात असं कधी होतं का? चिवड्याच्या डब्यात चुकून ओला चमचा गेला तर संध्याकाळपर्यंत पोहे सादळतात. पावसाळ्यात पापडाची पिशवी तासभर उघडी राहिली की संपलं. इथे तर ओल मुद्दाम आत पेरलेली, तीही एकेका बिस्किटात सात-आठ ठिकाणी. तेव्हापासून मी या बिस्किटाकडे पाण्याच्या हिशोबाने बघायला लागले, आणि तो हिशोब जसजसा उलगडत गेला तसतशी थक्क होत गेले.

आम्ही मूळचे बेळगावचे. लहानपणी दिवाळीच्या आधी आई रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून कॅम्पातल्या बेकरीत न्यायची. भट्टीवाले मामा आमच्या डोळ्यांसमोर तूप-साखर फेसून नानकटाई वळायचे, आणि आम्ही मुलं पत्र्याचा रिकामा डबा मांडीवर घेऊन पाळीची वाट बघायचो. आमची पाळी नेहमी दुपारी यायची. सकाळी बिस्किटं का भाजत नाहीत, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता मी बेंगळुरूत, फ्रेझर टाउनमध्ये राहते. शेजारच्या आंटी मंगळूरच्या. त्यांची कोंकणी आणि माझी मराठी जिन्यात मध्यावर भेटतात. डिसेंबर लागला की त्यांच्याकडे कुस्वाराची तयारी सुरू होते. कुस्वार म्हणजे नाताळचा फराळ: नेवऱ्या (आपल्या करंज्याच), किडियो, गुळियो, साच्यातून तळून काढलेल्या रोज कुकीज, आणि या सगळ्यांबरोबर फळांच्या तुकड्यांची ही लोण्याची बिस्किटं. दिवाळीत आमच्या घरून त्यांच्याकडे चकल्या जातात, नाताळात त्यांच्या घरून झाकलेलं ताट येतं.

बेंगळुरूत बेकरी दोन वाटांनी आली. एक वाट कॅन्टोन्मेंटची. १८०९ मध्ये इंग्रजांची छावणी इथे बसली आणि तिच्या मागोमाग पाव, केक, बिस्किटं आली. आमच्या मॉस्क रोडवरची अल्बर्ट बेकरी १९०२ सालची आहे. दुसरी वाट जुन्या पेटेची. चिकपेटेत १८९८ मध्ये एका अय्यंगार घराण्याने बेंगलोर ब्रदर्स बेकरी काढली, आणि पुढे हासन भागातल्या अय्यंगार मंडळींनी शहराच्या कोपऱ्याकोपऱ्यावर बेकऱ्या उघडल्या. मंडळी कडक शाकाहारी, त्यामुळे अंड्याला भट्टीजवळ मज्जाव. केकमधून अंडं काढायचं तर फार डोकं लढवावं लागतं, कारण केक उभा राहतो तोच अंड्याच्या आधाराने. लोण्याच्या बिस्किटात मुळातच अंडं नसतं. मैदा, लोणी, साखर, बस्स. म्हणून ते छावणीतून पेटेत काहीही न बदलता जाऊ शकलं. अय्यंगार बेकरीतलं ‘बेण्णे बिस्कीट’ (बेण्णे म्हणजे कन्नडमध्ये लोणी) आणि छावणीकडचं शॉर्टब्रेड एकापाठोपाठ तोंडात टाकून बघा, सख्खी भावंडं आहेत हे जीभ सांगते.

लोण्याचीही इथली स्वतःची कथा आहे. निलगिरीच्या घाटात इंग्रजांचं टपाल पोचवणाऱ्या मुथुस्वामी मुदलियारांनी लोण्याचा धंदा हाती घेतला आणि १९०५ मध्ये त्यातून एक दुकान उभं राहिलं. त्याच घराण्याने १९३६ मध्ये बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर जम बसवला. तेच निलगिरीज. डोंगरावरून आलेलं लोणी शहरात मिळायला लागलं की शहराला बिस्किटं सुचणारच.

आंटींचं प्रमाण सोपं आहे: तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग साखर. स्कॉटलंडमध्ये शॉर्टब्रेडचं जुनं प्रमाण हेच. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम पिठीसाखर आणि वर शंभर ग्रॅम फळांचे तुकडे. पाण्याचा एक थेंबही घालायचा नाही. निदान आपल्याला तसं वाटतं. प्रत्यक्षात विकतच्या लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असतं, म्हणजे २०० ग्रॅममध्ये ३२ ग्रॅम. आणि ज्याला आपण कोरडं पीठ म्हणतो त्या मैद्यातही १३ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ३०० ग्रॅम मैद्यात जवळजवळ ४० ग्रॅम! लोण्यापेक्षा पिठात पाणी जास्त. हे वाचलं त्या दिवशी मी पिठाच्या डब्यात हात घालून बराच वेळ उभी होते. इतकं पाणी, आणि हाताला एक कणही ओला लागत नाही.

हे पाणी नेमकं काय करतं हे पोळी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको. गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन अशी दोन प्रथिनं असतात. पाणी मिळालं की ती एकमेकांना धरतात, आणि आपण कणीक तिंबायला लागलो की त्यांची लांब, लवचिक जाळी तयार होते. तिला ग्लुटेन म्हणतात. पोळी ताणली तरी फाटत नाही ती या जाळीमुळे. कणीक झाकून ठेवतो तेव्हा ताणलेली जाळी सैलावते, म्हणून मग लाटताना ती मागे ओढत नाही. पोळीची सगळी पुण्याई या जाळीत आहे.

बिस्किटाला ती जाळी नको असते. आंटी मैद्यात लोणी बोटांच्या टोकांनी चोळतात, तळहात लावत नाहीत. पहिल्यांदा त्यांच्याकडे शिकायला गेले तेव्हा माझे हात सवयीने मळायला लागले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. ‘‘मळायचं नाही हं. फक्त जवळ आणायचं.’’ लोण्यातली चरबी पिठाच्या कणाकणाला लेप देते. लेप बसला की पाणी प्रथिनांपर्यंत नीट पोचत नाही, आणि जी काही जाळी होते तिचे धागे तोकडे राहतात. वर साखर स्वतःच पाण्याची लोभी, ती उरलंसुरलं पाणी आपल्याकडे ओढते. इंग्रजीत अशा चटकन मोडणाऱ्या, भुसभुशीत पदार्थाला शॉर्ट म्हणायचे, त्यावरून शॉर्टब्रेड.

आपल्याकडे यासाठी केव्हापासूनचा शब्द आहे: मोहन. शंकरपाळ्याच्या पिठात कडकडीत मोहन घालतात, चोळतात आणि मूठ वळून बघतात. मूठ वळली, आणि बोटाने टोकरल्यावर भुगा झाली, की मोहन पुरेसं. ती मूठ म्हणजे ग्लुटेनला किती अडवलंय याची परीक्षाच आहे, आणि ती करायला आजीला प्रयोगशाळा लागली नाही. दुसरीकडे चिरोट्याचा साटा बघा. तूप आणि तांदळाची पिठी फेसून पोळीवर थर देतात. मोहनात तूप सगळ्या पिठात पसरतं, म्हणून शंकरपाळं चहूबाजूंनी खुसखुशीत होतं. साट्यात तूप थरांमध्ये अडकतं, म्हणून चिरोट्याला पापुद्रे सुटतात. पीठ तेच, तूप तेच. तूप कुठे बसवलंय त्यावर पदार्थाचा स्वभाव ठरतो.

तांदळाच्या पिठीचा मुद्दा इथे सोडवत नाही. तांदळात ग्लुटेन होतच नाही. साट्यात ती म्हणूनच चालते, आणि स्कॉटलंडच्या बायकाही शॉर्टब्रेडमध्ये थोडी तांदळाची पिठी मिसळतात ती याच कारणाने. हैदराबादच्या कराची बेकरीची फळांची बिस्किटं सगळ्यांनी खाल्ली असतील. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या खानचंद रामनानींनी १९५३ मध्ये मोअज्जम जाही मार्केटजवळ ती बेकरी काढली. तशी बिस्किटं घरी करताना बहुतेकजण मैद्यात कस्टर्ड पावडर घालतात. कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः मक्याचं स्टार्च, म्हणजे पुन्हा जाळी न करणारं पीठ. आणि ती पावडर जन्माला आली कशी? बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडं सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं. इंग्लंडातल्या एका नवऱ्याची काळजी पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी माझ्या बिस्किटाला कुरकुरीत करते आहे, हा विचार मला फार सुखाचा वाटतो.

लोण्याचं आणखी एक गुपित आहे आणि ते बेंगळुरूच्या हवेशी जोडलेलं आहे. लोणी म्हणजे अगणित बारीक स्फटिक आणि द्रव चरबी यांचं मिश्रण. पंधरा ते वीस अंशांच्या दरम्यान ते ना दगड असतं ना तेल. बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो. या अवस्थेतलं लोणी साखरेबरोबर फेसलं की त्यात हवेचे बुडबुडे धरले जातात, आणि पिठात चोळलं की लेप बसतो. तापमान चढलं की लोणी पाझरायला लागतं, पीठ तेलकट होतं आणि बिस्कीट ट्रेवर पसरतं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. डिसेंबरच्या पहाटे इथे पारा पंधरा-सोळा अंशांवर असतो. आंटी रात्री लोणी ओट्यावर झाकून ठेवतात आणि सकाळी सहाला कामाला बसतात. फ्रिज नाही, थर्मामीटर नाही. लोण्याला हवी तीच हवा गावाला मिळालेली आहे. मुंबईची माझी मावशी हेच बिस्कीट करताना परातीखाली बर्फाचं पाणी ठेवते.

आता फळांकडे येते, कारण खरं आश्चर्य तिथेच आहे.

बिस्किटातले ते लाल-हिरवे चौकोनी तुकडे म्हणजे टूटीफ्रूटी. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘सगळी फळं’. आपल्याकडच्या टूटीफ्रूटीत फळ एकच असतं: कच्ची पपई. कच्ची पपई म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के पाणी. ती पपई तशीच चिरून बिस्किटात घातली असती तर भट्टीत तिचं पाणी सुटून आजूबाजूच्या मैद्याची खळ झाली असती. म्हणून आधी तिला चुन्याच्या निवळीत बुडवतात. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. चुन्यातलं कॅल्शियम पेक्टिनच्या दोन साखळ्यांमध्ये जाऊन टाचणीसारखं बसतं आणि तुकडा कणखर होतो, शिजला तरी विरघळत नाही. कोहळ्याचा पेठा बाहेरून करकरीत राहतो तो याच युक्तीने.

मग पाक, तोही दमादमाने. तुकडे उकडून आधी पातळ पाकात ठेवतात, दुसऱ्या दिवशी पाक थोडा आटवून घट्ट करतात, तिसऱ्या दिवशी आणखी. एकदम दाट पाकात टाकले तर आतलं पाणी भराभर बाहेर पळतं, साखर तितक्या वेगाने आत शिरू शकत नाही, आणि तुकडा सुकलेल्या बोरासारखा आक्रसतो. दमादमाने केलं तर पाणी जितकं बाहेर जातं तितकी साखर आत येऊन जागा भरते. तुकड्याचा चौकोन शाबूत राहतो, फक्त आतला रहिवासी बदलतो. मोरावळा करणाऱ्यांना हा धीर माहीत आहे. पाकात लिंबू पिळायचं ते साखर पुन्हा दाणे धरू नये म्हणून. आंबटपणाने थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात, आणि मिश्र घोळक्यात स्फटिकाची रांग लागत नाही.

तयार तुकड्यात पाणी उरतं, चांगलं वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच तो मऊ लागतो. पण ते पाणी मोकळं नसतं, साखरेच्या रेणूंनी त्याला धरून ठेवलेलं असतं. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं मोकळं किती आहे हे मोजायला शास्त्रज्ञांनी एक माप केलंय, वॉटर ॲक्टिव्हिटी. शुद्ध पाण्याचं माप एक. ताजं फळ ०.९७ च्या वर. ०.६ च्या खाली कोणतीही बुरशी वा जिवाणू वाढू शकत नाही. बेदाणा याच सीमेच्या आसपास असतो, टूटीफ्रूटी थोडी वर, आणि कुरकुरीत बिस्कीट ०.३ च्याही खाली. पाणी नेहमी जास्त मोकळिकीकडून कमी मोकळिकीकडे जातं. म्हणजे फळाकडून बिस्किटाकडे ओढ आहेच. पण ती ओढ इतकी मंदावली आहे की नाताळ उलटून जातो. साखरेने पाणी बांधलं, आणि त्यापलीकडे लोण्याच्या चरबीने वाट अडवली. ओलं फळ आणि कोरडं बिस्कीट शेजारी नांदतात ते या दोन राखणदारांमुळे.

पपईबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही मला सगळ्यात विलक्षण वाटते. कच्च्या पपईला पहाटे बारीक चिरा पाडून तिचा चीक गोळा करतात. त्यातून पपेन नावाचं विकर काढतात. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठाने तर खास चिकासाठी को-५ सारखं वाण काढलं. चीक काढलेलं फळ ओरखड्यांमुळे बाजारात कुणी घेत नाही, पण गर चांगला असतो. तो टूटीफ्रूटीला जातो. आता पपेनचं काम काय? प्रथिनं तोडणं. मांस मऊ करायला ते वापरतात हे माहीत असतं. पण बिस्किटांच्या कारखान्यांतही ग्लुटेनची जाळी सैल करायला प्रथिनं तोडणारी विकरं वापरतात, आणि पपेन त्याच कुळातलं आहे. एकाच फळाचा गर बिस्किटात रंगीत ठिपका होतो, आणि त्याच फळाच्या चिकाला मैद्याची जाळी तोडता येते! परसातल्या पपईच्या झाडाकडे मी आता वेगळ्याच आदराने बघते.

आणि ती लाल ‘चेरी’? आपल्या बेकऱ्यांतली पुष्कळशी चेरी म्हणजे करवंद असतं. होय, करवंदच. सह्याद्रीच्या उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात मिळणारी काळी मैना नव्हे, तर तिच्याच जातीची लागवडीतली, मोठी, पांढरट-गुलाबी करवंदं. बिया काढून, चीक घालवून, पाकात मुरवून, लाल रंग देऊन ती चेरी होतात. पूर्वापार त्यासाठी वापरला जाणारा रंग म्हणजे एरिथ्रोसिन. त्याची निवडही विचार करून झालेली आहे. आंबट माध्यमात हा रंग विरघळत नाही, त्यामुळे फळाला एकदा बसला की शेजारच्या पांढऱ्या पिठात उतरत नाही. मात्र अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांसाठी या रंगाची परवानगी मागे घेतली. मी माझ्यापुरतं बिनरंगाची, पिवळसर टूटीफ्रूटी घ्यायचं ठरवलंय. एकदा घरी बिटाच्या रसात तुकडे रंगवून पाहिले. कच्च्या पिठात सुंदर दिसले, भाजल्यावर विटकरी झाले, कारण बिटाचा रंग उष्णतेला टिकत नाही. तरी मला ते विटकरी तुकडे आवडले. डोळ्यांना सवय लागली की झालं.

बेदाणे माझ्याकडे सांगलीहून येतात. तासगावकडे द्राक्षं थेट उन्हात वाळवत नाहीत. आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. द्रावणाने त्या मेणात बारीक वाटा पडतात, आणि मग शेडच्या सावलीत, जाळीच्या मजल्यांवर, वाऱ्याने पाणी निघून जातं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा. बाकीचे तीन किलो पाणी म्हणून सांगलीच्या हवेत विरलेले असतात. पपईत पाणी बांधून ठेवलं, द्राक्षातून घालवून टाकलं. दोन वेगळ्या वाटा एकाच बिस्किटात येऊन मिळतात. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

फळं पेरलेलं शॉर्टब्रेड ही आपली भर आहे असं मी समजत होते. तसं नाही. स्कॉटलंडमध्ये पिटकेथली बॅनक नावाचं जाड शॉर्टब्रेड असतं, त्यात बदाम आणि पाकवलेल्या लिंबू-संत्र्याच्या साली घालतात, आणि ते सणासुदीचं असतं. त्यांनी साली पाकवल्या, आपण पपई.

पिठाचा लांब ओंडा करून आंटी तो तासभर थंडीत ठेवतात आणि मग सुरीने चकत्या पाडतात. इथे घाई नडते. ओंडा मऊ असला तर सुरी टूटीफ्रूटीचा तुकडा कापण्याऐवजी ओढत नेते आणि चकतीला भगदाड पडतं. गार ओंड्यात लोणी घट्ट असतं, ते तुकड्याला जागच्या जागी धरून ठेवतं, आणि सुरी पपईतून काचेसारखी आरपार जाते. कापलेल्या तोंडावर रंगीत चौकोन स्वच्छ दिसले की आंटी मान हलवतात. केकमध्ये फळं तळाशी बसू नयेत म्हणून मैद्यात घोळवतात, इथे त्याची गरज नाही. हे पीठ इतकं घट्ट की फळ कुठे जाणार?

मग प्रत्येक चकतीला काट्याने चार टोचे. मला ती नक्षी वाटायची. ती वाफेची वाट आहे. १५० अंशांवर पंचवीस मिनिटं, आणि या पंचवीस मिनिटांत पिठातलं आणि लोण्यातलं पाणी निघून जायचं असतं. गेल्या वर्षी मी ट्रे आधी आणि नंतर तोलून पाहिला. फळांसकट ७०० ग्रॅमचं पीठ होतं, भाजून उतरलं तेव्हा जवळजवळ ५५ ग्रॅम कमी भरलं. पाव कपाला जरा कमी पाणी, काट्याच्या टोच्यांतून स्वयंपाकघरात निघून गेलेलं. वास आला तोही त्याच वाफेबरोबर: लोण्यातली दुधाची प्रथिनं आणि दुधाची साखर एकमेकांवर तापून जो सोनेरी सुगंध देतात तो. पाणी जोवर कडांवरून निघत असतं तोवर तिथलं तापमान शंभराच्या आसपास अडकतं आणि कडा पांढऱ्या राहतात. पाणी संपलं की त्या लाल होतात. म्हणून बिस्कीट नेहमी कडेकडून मध्याकडे रंगतं. आणि एखादा पपईचा तुकडा तळाशी ट्रेला टेकला असेल तर सगळ्यात आधी तो काळा पडतो, कारण तो जवळजवळ निव्वळ साखर असतो.

बेळगावच्या बेकरीत आमची पाळी दुपारी का यायची याचं उत्तर मला इथे मिळालं. लाकडाची भट्टी पहाटे पेटवतात, विटा तापवतात आणि निखारे बाजूला काढतात. पहिल्या, कडक उष्णतेवर पाव जातात. विटा निवत जातात तशी पाळी बदलते. दुपारच्या मंद, दमदार आचेवर बिस्किटं, आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या उबेवर टोस्ट वाळवायचे. एकदाच पेटवलेल्या सरपणावर दिवसभराचा हिशोब. भट्टीवाले मामा हात आत घालून, मनात आकडे मोजून आच ओळखायचे. नानकटाईला हवी ती आच दुपारीच यायची.

बिस्किटं भाजल्यावर आंटी ती जाळीवर पूर्ण गार होऊ देतात. गरम बिस्किटं डब्यात भरली तर त्यांच्याच वाफेने सादळतात. मग पत्र्याचा डबा, तळाशी बटर पेपर, थर, पुन्हा कागद. झाकणाच्या कडेला कापडाची पट्टी ओढून बसवतात. ताटात मला मिळालेली बारा बिस्किटं मी माझ्या डब्यात तशीच ठेवली आणि पुरवून पुरवून खाल्ली.

सहा जानेवारीला शेवटचं उरलं. ते न मोडता मी ब्लेडने अलगद कापलं आणि खिडकीशी धरून पाहिलं. पपईच्या लाल चौकोनाभोवती मैद्याची एक कड बाकीच्यापेक्षा किंचित गडद होती. नखाने दाबली तर दबली, चुरली नाही. त्यापलीकडे बिस्कीट पहिल्या दिवशीइतकंच खुसखुशीत. एकोणतीस दिवसांत पाणी तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं पुढे सरकलं होतं.